पावसाळ्याचं शेपूट: शेवटचे तीन आठवडे कसे काढावेत

मखर उतरवलं की त्यामागची भिंत दिसते. आमच्याकडे दरवर्षी तिथे एक नवा नकाशा उमटलेला असतो. दहा दिवस फुलांच्या माळांनी आणि दिव्यांच्या तोरणांनी झाकलेला तो ओलीचा डाग, विसर्जन करून ओल्या चपलांनी घरात शिरताना पहिला नजरेत भरतो. आरत्या संपलेल्या, पाहुणे गेलेले, चौरंग रिकामा, आणि बाहेर तो पडतोच आहे. जूनमधला पाऊस नव्हे, ज्याच्यासाठी खिडकीत उभं राहून भजी तळतात. हा चिकट, कंटाळवाणा, कधी भुरभुर तर कधी अचानक धो धो. उत्तरेकडच्या थंड देशांतल्या लोकांना हिवाळ्याची अखेर जशी जड जाते, तसे मुंबईकराला अनंत चतुर्दशी ते घटस्थापना हे दिवस जड जातात. थंडी आपल्याकडे नावालाच, आपला हिवाळा हाच.

गेली अनेक वर्षं मी गोरेगावात, पश्चिमेकडे तोंड असलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात हे दिवस काढते आहे. सुरुवातीला मी या दिवसांत सगळंच एकदम निस्तरायला जायची: भिंत, कपाट, गाद्या, रंग. पैसेही गेले आणि डागही राहिला. आता कामांचे दोनच ढीग करते, आत्ता करायची आणि ऊन पडल्यावर करायची. खालचं सगळं त्याच हिशोबाने लिहिलं आहे.

आधी कॅलेंडरकडे बघा

मान्सून साधारण १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून परतीला लागतो. मुंबईतून तो जाण्याची हवामान विभागाची सरासरी तारीख आहे ८ ऑक्टोबर. २०२० पर्यंत ही तारीख २९ सप्टेंबर धरली जायची, त्या वर्षी ती बदलली. म्हणजे आपल्या आजीच्या हिशोबापेक्षा जवळजवळ दीड आठवडा जास्तच धरून चालायचं. ‘गणपती गेले की पाऊस गेला’ हे मनातून काढून टाका, अर्धी चिडचिड तिथेच कमी होते. जुन्या लोकांना हे नक्षत्रांवरून ठाऊक होतंच. हस्त लागतं २७ सप्टेंबरच्या आसपास, आणि हत्तीचा पाऊस गडगडाट करत येतो तो येतोच.

जाता जाता पाऊस स्वभावही बदलतो. जुलैत तो समुद्राकडून येतो आणि दिवसभर रेंगाळतो. परतीचा पाऊस बहुधा दुपारनंतर पूर्वेकडून, घाटाच्या बाजूने ढग चढवत, विजा चमकवत येतो आणि तासाभरात मोकळा होतो. सकाळी लख्ख ऊन आणि संध्याकाळी गडगडाट असं दोन-तीन दिवस लागोपाठ झालं की समजा, शेपूट वळवळतंय. मग सकाळचं ऊन वाया घालवायचं नाही. त्याबद्दल शेवटी.

ओल मोजा, अंदाज बांधू नका

आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळासारखं यंत्र, हायग्रोमीटर, काही शे रुपयांत मिळतं. मी ते घेतलं आणि माझे बरेच समज मोडले. घरातली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असेल तर बुरशीला फारसं फावत नाही. ती सतत ७०च्या वर राहिली की कातडी पट्टे, पुस्तकं, कपाटाची मागची फळी यांच्यावर पांढरी-हिरवी लव धरायला लागते. सप्टेंबरात मुंबईची बाहेरची हवाच बहुतेक वेळ ८०च्या आसपास असते. त्यामुळे ‘खिडक्या उघडा, हवा खेळू द्या’ हा सल्ला नेहमी खरा नसतो. मुसळधार पावसात उघडी खिडकी म्हणजे बाहेरची ओल आत बोलावणं. स्वयंपाक, आंघोळ, कपडे वाळवणं चालू असताना मात्र आतली हवा बाहेरच्यापेक्षा दमट होते. तेव्हा खिडकी किंवा एक्झॉस्ट हवाच.

एसी असेल तर ‘ड्राय मोड’ दुपारी दोन तास लावा. थंड करण्यापेक्षा हवेतलं पाणी काढण्यावर त्याचा भर असतो. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल खेचणारं यंत्र, दमा असलेल्यांच्या घरात किंवा तळमजल्यावर उपयोगी पडतो. बाकीच्यांनी आधी भावाबहिणीचा किंवा शेजाऱ्यांचा आठवडाभर मागून आणून बघावा. आणि पंखा बंद करू नका. पंखा हवा कोरडी करत नाही, पण कोपऱ्यांत ती साचू देत नाही. बुरशीला साचलेली हवा आवडते.

भिंत: पाणी येतंय कुठून?

ओल्या भिंतीला औषध करण्याआधी रोग ओळखावा लागतो, आणि ओळखायची उत्तम वेळ आत्ताच आहे. ऑक्टोबर उलटला की भिंत कोरडी, आणि कमिटीतले काका म्हणतात, ‘कुठे आहे गळती?’

पहिलं काम पेन्सिलचं. डागाच्या कडेने रेघ ओढा आणि शेजारी तारीख लिहा. पुन्हा मोठा पाऊस झाला की पुन्हा रेघ, पुन्हा तारीख. फोटोही काढा, पण पेन्सिलीची रेघ फोटोपेक्षा जास्त बोलते.

मग डागाची चाल बघा. पावसात वाढतो आणि चार-पाच दिवस उघडीप मिळाली की आक्रसतो, तर पाणी बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा खिडकीच्या सज्जावरून येतंय. मुंबईत वारा नैर्ऋत्येचा, म्हणून पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंती सगळ्यात जास्त मार खातात. पाऊस असो-नसो डाग तेवढाच ओला राहतो, तर वरच्या घरातलं न्हाणीघर, मोरी किंवा एखादी पाण्याची लाइन संशयित. डाग जमिनीपासून वर चढतोय आणि घर तळमजल्याला आहे, तर पाणी इमारतीच्या पायातून वर येतंय. आणि कपाटामागे, कोपऱ्यात नुसते काळे ठिपके आहेत, पोपडे नाहीत, तर गळती नसून घरातलीच दमट हवा गार भिंतीवर बसत असण्याची शक्यता जास्त.

शेवटच्या दोहोंत शंका असेल तर एक साधी चाचणी. फूटभर चौकोनी पारदर्शक प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसंच ठेवा. पाण्याचे थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला जमले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला जमले तर ती हवेतली.

कारण कळलं की खर्च कोणाचा हेही कळतं. राज्यातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून आणि बाहेरच्या भिंतींतून येणारी पावसाची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. वरच्या सभासदाच्या न्हाणीघरातून येणारी गळती त्या सभासदाने. सेक्रेटरींना जिन्यात गाठून सांगणं म्हणजे सांगणंच नव्हे. तारखांसह लेखी पत्र द्या, पोच घ्या. पत्रात ‘पावसाळा संपताच दुरुस्ती व्हावी’ असं लिहा, कारण आत्ता कोणी करणार नाही आणि केलीच तर टिकणार नाही.

इमारत तीस वर्षांच्या पुढची असेल तर मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारकच आहे. छताचं प्लास्टर पडून गंजलेल्या सळ्या दिसणं, खांबाला उभी चीर जाणं, दारं अचानक अडकायला लागणं, या गोष्टी ‘आत्ता’च्या ढिगातल्या. त्यासाठी ऊन पडायची वाट बघायची नसते. पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६. ओल्या भिंतीत विजेचं सॉकेट असेल तर त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे मुख्य पेटीतला तिचा स्विच, पाडून ठेवा, आणि वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण आजच एकदा दाबून बघा. दाबल्यावर ते पडलं नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

रंगाबद्दल मात्र मी ठाम आहे. दिवाळीच्या आधी घाईने रंग देऊ नका. एका वर्षी मी दसऱ्याच्या आत हॉल उरकून घेतला. रंगाऱ्याने पोपडे खरवडले, पुट्टी मारली, वर महागडा रंग. संक्रांतीपर्यंत पुट्टी पापडासारखी फुगली. चार महिने पाणी प्यालेली भिंत चार दिवसांत सुकत नाही. आत रंग द्यायचाच असेल तर डिसेंबरनंतर, आणि बाहेरचं प्लास्टर-वॉटरप्रूफिंग फेब्रुवारी ते एप्रिल. यंदाच्या दिवाळीला त्या डागापुढे आकाशकंदिलाचा उजेड थोडा कमी ठेवा.

बुरशी पुसताना

कोरड्या फडक्याने किंवा कुंच्याने कधीही झटकू नका, तिचे बीजाणू घरभर उडतात. तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे, पंखा बंद. साबणाच्या पाण्यात फडकं भिजवून, घट्ट पिळून, हलक्या हाताने पुसा. फडकं दर वेळी उलटा आणि शेवटी टाकून द्या. मग कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि आता पंखा लावा. लाकडावर आणि कातड्यावर पाण्याऐवजी स्पिरिटचा बोळा बरा, आधी कोपऱ्यात लावून रंग जातो का बघा. न्हाणीघरातल्या टाइल्सच्या फटींना ब्लीच चालतं, पण ब्लीचबरोबर व्हिनेगर किंवा संडास साफ करायचं ॲसिड कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि मुंबईची न्हाणीघरं केवढीशी असतात. डाग तीन बाय तीन फुटांपेक्षा मोठा असेल किंवा घरात दमेकरी असेल तर हे काम स्वतः करू नका.

कपडे, कपडे आणि कपडे

या ऋतूतला सगळ्यात मोठा वैताग. पुढचं गणित एकदा डोक्यात बसलं की मार्ग सुचतात. मशीनमधून काढलेल्या एका भरपूर धुण्यात दीड-दोन लिटर पाणी उरलेलं असतं. ते वाळतं म्हणजे जातं कुठे? तुमच्या हॉलच्या हवेत, तिथून कपाटात, गादीत, भिंतीत. म्हणून पहिला नियम, पाणी जमेल तेवढं मशीनमध्येच काढा. धुणं झाल्यावर नुसतं स्पिन पुन्हा एकदा लावा. हाताने धूत असाल तर पिळलेला कपडा कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर दाब द्या. वाळायचा वेळ निम्म्यावर येतो.

दुसरा, कपडे घरभर पसरू नका. एकच खोली ठरवा आणि वाळवताना तिचं दार बंद ठेवा. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी चार बोटं उघडी, आणि टेबलफॅन कपड्यांच्या खालून वर झोत जाईल असा. छताला दोऱ्यांचं पुलीवालं स्टँड असेल तर उत्तम, गरम हवा वरच असते. चाळीतल्या बायका काठीने कपडे उंच वलणीवर टाकायच्या ते काही केवळ सोवळ्यासाठी नव्हतं. दोन कपड्यांमध्ये पंजाभर अंतर ठेवा. एक दांडी भरून दहा कपडे घालण्यापेक्षा पाचच घाला आणि पाच उद्या धुवा. रोज थोडं धुणं हे या दिवसांचं सूत्र, रविवारचं डोंगराएवढं धुणं ऑक्टोबरात.

जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेकडून दोन चिमट्यांना अशी लावा की पाय एकमेकांना चिकटणार नाहीत. खरं म्हणजे सप्टेंबरात जीन्स घालूच नये, पण कॉलेजातल्या मुलांना हे कोण सांगणार.

तो कुबट वास जिवाणूंचा. कपडा बराच वेळ ओला राहिला की ते वाढतात, आणि एकदा धाग्यात बसले की सुगंधी लिक्विड टाकून नुसता वासावर वास चढतो. मशीन थांबलं की कपडे लगेच काढा. पावडर जास्त नको, कमी घाला, साबण धाग्यात राहिला की जिवाणूंची सोय होते. टॉवेल आणि पायपुसणी आठवड्यातून एकदा ६० अंशांच्या पाण्यात धुवा. खंगाळताना अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर घातलं तर वास बराच जातो. टॉवेलला सॉफ्टनर लावू नका, ते पाणी टिपेनासे होतात. मशीनच्या दाराचं रबर उलटवून पुसा. तिथे जो काळा चिखल दिसेल तो तुमच्या शर्टांच्या वासाचा अर्धा उगम आहे. धुणं नसताना मशीनचं दार उघडंच ठेवा.

उरलेला पाच टक्के ओलावा इस्त्रीने काढा आणि इस्त्री केलेला कपडा अर्धा तास बाहेर लटकवून मगच कपाटात ठेवा. माझी आजी कोकणात बाळाची दुपटी शेगडीवर उपडी टोपली ठेवून ऊद घालून वाळवायची. वास आठवतो अजून. पण ते वाऱ्याच्या ओटीवर होतं. बंद फ्लॅटमध्ये निखारे पेटवले तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, तेव्हा तो वास आठवणीतच राहू द्या.

कपाट

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं असेल तर ते तीन-चार इंच पुढे ओढा. एवढ्या एका गोष्टीने मागच्या फळीवरची बुरशी निम्मी होते. कपाट ठासून भरू नका आणि आठवड्यातून एकदा पंखा लावून तासभर उघडं टाका. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, त्यात खाली पाणी साठतं. बंद कपाटात ते चांगलं काम करतात, उघड्या खोलीत शून्य. ते साठलेलं पाणी खारट आणि खराब असतं. कातड्यावर वा लोखंडावर सांडलं तर वस्तू जाते, म्हणून डबा सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. कॅमेरा आणि लेन्स मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबतच. लेन्सच्या आत बुरशी शिरली की ती पुसता येत नाही.

पैठणी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली असेल तर वाचणं थांबवा आणि आधी ती काढून या. माझ्या लग्नातली अशीच गेली. पिशवीच्या आत दमटपणा कोंडला आणि पदराची जर काळवंडली. जुन्या, धुतलेल्या, स्टार्च नसलेल्या सुती धोतरात किंवा साडीत गुंडाळा आणि जरीची बाजू आत घेऊन घडी बदला. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या अजिबात नकोत, त्यांची वाफ काही बाळांच्या रक्ताला बाधते.

ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दर दोन तासांनी बदला. एकदा कोंबून विसरलात तर नुसता ओला कागद बुटात बसून राहतो.

स्वयंपाकघर

इथे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल, म्हणून थोडक्यात. रवा कोरडा भाजून, गार करून भरा. तूरडाळीला एरंडेल चोळा. तांदळात सुकवलेला कडुलिंबाचा पाला, मिठात तांदळाचे दाणे, मसाल्यात हिंगाचा खडा. गूळ फ्रिजमध्ये. पिठं महिन्याची न आणता आठवड्याची आणा. लोणच्याच्या बरणीतला चमचा बरणीत राहू देऊ नका.

एका गोष्टीवर मात्र थांबते. शेंगदाण्यांवर बुरशी दिसली, दाणे काळसर, सुरकुतलेले, खवट लागले, तर निवडून चांगले वेगळे करायचा मोह टाळा. त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, ते यकृताला घातक आहे आणि घरी भाजल्याने जात नाही. पितृपंधरवड्यात उपासाच्या नावाने आणलेलं किलोभर दाण्याचं पाकीट असो, सरळ फेकून द्या. खोबऱ्याच्या वाट्यांचंही तसंच.

पाय आणि पाणी

बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या असतील तर घरी आल्यावर पाय धुणं पुरत नाही, बोटाबोटांमधून टिपणं महत्त्वाचं. ओले मोजे ऑफिसात दिवसभर घालू नका, बॅगेत एक जोड कोरडा ठेवा. नायट्यावर दुकानातून स्वतःच्या मनाने मलम आणू नका. बऱ्याच मलमांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग नायटा दुप्पट पसरतो. साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, विशेषतः पायाला जखम असताना, तर २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा. ताप येईपर्यंत थांबू नका. डेंग्यूचा डास अंड्यापासून पूर्ण व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून कुंडीखालची बशी, फ्रिजमागचा ट्रे, मनीप्लांटची बाटली दर रविवारी रिकामी करा आणि घासा, अंडी काठाला चिकटलेली असतात.

उजेड

भिंतीइतकीच मनालाही ओल येते. १९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिवाळ्यात येणाऱ्या उदासीचं वर्णन केलं आणि तिच्यावर प्रखर उजेडाचा उपचार सुचवला. मुंबईचा सप्टेंबर म्हणजे तो आजार नव्हे. पण त्या संशोधनातला उजेडाचा धडा आपल्याला वापरता येतो. घरात ट्यूबलाइटखाली दोनशे-तीनशे लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. बाहेर दाट ढग असले तरी भर दिवसा तो काही हजार लक्स असतो. म्हणजे ढगाळ सकाळीही गच्चीवर वीस मिनिटं फिरणं हे दिवसभर दिवे लावून बसण्यापेक्षा सरस. छत्री घेऊन जा. शिवाजी पार्कचा कट्टा, मरीन ड्राइव्ह, नाहीतर आपल्या इमारतीचं कंपाउंड, कुठेही. आरे किंवा नॅशनल पार्कच्या बाजूला राहत असाल तर तेरडा आणि सोनकी याच दिवसांत फुललेली असते, आणि गौरी गेल्यावर तेरड्याकडे कोणी बघत नाही.

गणपतीनंतर येणारी पोकळी खरी असते, ती लपवायला जाऊ नये. आम्ही विसर्जनानंतरच्या शनिवारी मखराच्या कोपऱ्यात एक जास्तीचा पिवळा दिवा लावून ठेवतो, घटस्थापनेपर्यंत. आणि त्या पंधरवड्यात एक तरी संध्याकाळ कोणाला तरी अळूवड्यांना बोलावतो. अळू एवढं स्वस्त आणि कोवळं पुन्हा मिळत नाही. दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कामातलं लक्ष बिघडलेलंच असेल तर मात्र पावसाला दोष देत बसू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

पहिलं ऊन

आता तो राखून ठेवलेला दुसरा ढीग. दहा वाजता लख्ख ऊन दिसलं की सगळं एकदम बाहेर काढू नका, मुंबईच्या गॅलरीत ते मावत नाही. पहिल्या दिवशी फक्त गाद्या आणि उशा. कापसाच्या गादीला दोन्ही बाजूंनी ऊन दाखवा, फोमची गादी मात्र सावलीत वाऱ्यावरच. दुसऱ्या दिवशी चादरी, गोधड्या, बॅगा, बूट. तिसऱ्या दिवशी पुस्तकं, सावलीत, उभी करून पानं पंख्यासारखी उघडून. रेशीम नेहमी सावलीत, तासभरच. आणि काहीही बाहेर असो, तीन वाजता आत घ्या. परतीचा पाऊस सूचना देऊन येत नाही, आणि भिजलेली कापसाची गादी ही सप्टेंबरातल्या सगळ्या दुःखांची बेरीज असते.

गाद्या आत घेतल्यावर भिंतीकडे एक नजर टाका. डाग पेन्सिलीच्या रेघेपासून दोन बोटं आत सरकलेला दिसेल. रेघ पुसू नका. सोसायटीच्या सभेपर्यंत ती तिथे हवी आहे.